उजव्यावर एक रेघ, डाव्यावर दोन

आमच्या सिहोऱ्याच्या घरात दुपारचा चहा घड्याळावर नव्हे, गाडीच्या खडखडाटावर चालायचा. भाऊंची ॲम्बेसिडर तलावाच्या पाळीवर चढली की तिच्या पुढच्या अंगातून टक, टक, टकटक असा आवाज सुरू व्हायचा आणि तो थेट स्वयंपाकघरात आईपर्यंत पोचायचा. पाळीपासून घरापर्यंत गाडीला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात आधण येतं, हे आईचं गणित. भाऊ म्हणजे माझे वडील. सगळं गाव त्यांना भाऊ म्हणायचं, म्हणून आम्हीही. तुमसरच्या एका राइस मिलवाल्याकडून त्यांनी ती गाडी आणली तेव्हाच ती म्हातारी होती आणि पांढरी होती असं ऐकून आहे. मला आठवते ती ताकाच्या रंगाची. पण गावात चारचाकी तेवढी एकच, त्यामुळे बाळंतीण असो, विंचू चावलेला माणूस असो की साकोलीला मुलगी पाहायला जायचं असो, लोक सरळ आमच्या अंगणात येऊन उभे राहायचे. भाऊ कोणालाच नाही म्हणत नसत. ते जेवणावरून उठत आणि हात धुऊन चावी घेत. आईला त्याचा राग यायचा, पण मागाहून ताट झाकून ठेवणारीही तीच.

धानाची लावणी, म्हणजे रोवणा, आटोपून पीक पोटरीत आलं होतं त्या दिवसांतली गोष्ट. मी तुमसरच्या कॉलेजात पहिल्या वर्षाला होते आणि नवरात्राच्या सुट्टीत घरी आले होते. आमचे शेजारी नथ्थूकाका आपल्या म्हाताऱ्या आईला दवाखान्यातून परत आणत होते, गाडी अर्थातच भाऊ चालवत होते. पाळीवर ऐन वळणावर पुढचं उजवं चाक कडाड आवाज करून आडवं झालं. गाडी गुडघा टेकून बसली, ती बरोबर पाण्याच्या अंगाला. वेग बैलगाडीचा होता म्हणून कोणाला खरचटलंसुद्धा नाही. म्हातारीच्या मांडीवरची शिंगाड्यांची टोपली तेवढी उसळून, जिथून शिंगाडे निघाले होते त्या तलावात परत गेली. ती बिचारी महिनाभर लोकांना शिंगाड्यांचंच दुःख सांगत होती. नथ्थूकाका मात्र वेगळंच सांगत फिरले. चाक धरून ठेवणारी जी पिन मोडली होती, तिथलं काम आदल्या वर्षी आमच्या गावच्या लहानू मिस्त्रींनी केलं होतं. "मिस्त्रीचा डोळा गेला आता," नथ्थूकाका म्हणायचे, "पाय धरून सांगतो, त्याच्या हाती गाडी देऊ नका." आणि खरं सांगायचं तर ते खोटं नव्हतं. लहानू मिस्त्रींच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता.

तिसऱ्या दिवशी मिस्त्री स्वतःच आले. अंगणात, तुळशीच्या पलीकडे उभे राहिले, सपरीवर, म्हणजे पुढच्या ओसरीवर, चढले नाहीत. मोडलेली पिन त्यांच्या हातात होती. भाऊ बसा म्हणाले, तरी बसले नाहीत. "भाऊ, पिनेले आधीचीच भेग होती," ते म्हणाले. "म्या पिनेभोवतीचे बुश बदलले, पिन जुनीच ठेवली. भेग बोटाले लागली नाही अन् डोळ्याले दिसली नाही. चूक माहीच हाये." मग त्यांनी पिन तुळशीच्या कट्ट्यावर ठेवली. "मले एक डाव करू द्या. पुढचं अंग आख्खं उतरवतो, नवं करून देतो. अन् त्या गाडीत गावातला एक माणूस जरी बसाले भेला, त गाडी भंगारात द्या अन् तिच्यासंग माहे पाने बी द्या." आपली चूक इतकी सरळ, कुठलीही पुस्ती न जोडता कबूल करणारा माणूस मी तोवर पाहिला नव्हता. त्यानंतरही मोजून दोन पाहिले असतील. भाऊ माझ्याकडे बोट दाखवून एवढंच म्हणाले, "कुंदा हाये घरी. डोळे तिचे घ्या."

लहानू मिस्त्री मुळात गाड्यांचे मिस्त्री नव्हतेच. शंकरपटात, म्हणजे बैलांच्या शर्यतीत, पळणाऱ्या छकड्यांची चाकं ते बनवायचे. पुढे गावात पाण्याची इंजिनं आली तेव्हा एक बिघडलेलं इंजिन उघडून, सगळं अंगणात मांडून, परत जोडून त्यांनी ती विद्या मिळवली. आमची गाडीही त्यांनी तशीच शिकून घेतली. नावापुरतं लिहायला-वाचायला येत होतं, पण एखाद्या नटाला कुठला पाना लागेल हे ते नटाला न पाहता, अंगठा फिरवून सांगत. अंगानं काटकुळे, अंगात बंडी, कानावर अर्धी विडी, कमरेला तंबाखू-चुन्याची पितळी डबी. बोलताना ते लोखंडालाही अहोजाहो करायचे. गंजलेला बोल्ट सुटत नसला की "चला आता, लय झालं, निघा," असं म्हणत रॉकेल सोडत बसायचे, शिवी कधी द्यायचे नाहीत. हा गुण मला उचलता आला नाही. माझ्या स्वयंपाकघरातला मिक्सर रोज माझ्या शिव्या खातो.

दुसऱ्या दिवसापासून आमच्या सपरीचं कारखान्यात रूपांतर झालं. गाडीचं तोंड सपरीकडे करून तिला सागाच्या ओंडक्यांवर चढवलं. आई पहिल्या दिवशी कुरकुरली, कारण सपरीत तिचे वाळवायचे पोहे होते. दुसऱ्या दिवशी तिनंच जुन्या लुगड्याचे तुकडे फाडून चिंध्या करून दिल्या. घन आणि छिन्नीचा ठाण ठाण आवाज, मध्येच रॉकेलात पडलेल्या बोल्टचा टुणकन आवाज, आणि मागच्या दारी शिजणाऱ्या लाखोळीच्या डाळीचा वास, हे तिन्ही माझ्या डोक्यात इतके एकत्र बसलेत की आजही कुठे गॅरेजवरून गेले की मला भूक लागते. दुपारी मिस्त्री आमच्यातच जेवत. उकड्या तांदळाचा भात, डाळ आणि तळलेली मिरची. जेवणाआधी हात धुतानासुद्धा ते बोटं एकेक करून चोळून धुवायचे, जणू बोटं हीच त्यांची पेटीतली खरी हत्यारं. माझं काम आधी बत्ती दाखवण्याचं होतं. मग पिनेवर भेग आहे का ते सूर्याकडे धरून पाहण्याचं. चौथ्या दिवशी मी गाडीखाली पाठीवर पडून नट सोडत होते आणि माझी वेणी ग्रीसमध्ये होती. आईनं पाहिलं, कपाळावर हात मारला आणि ती आत गेली.

मला सगळ्यात नवल वाटलं ते त्या दोन लांब सळयांचं. मागच्या चाकांना असतात तशा लोखंडी पट्ट्यांच्या कमानी पुढे नव्हत्याच. पुढच्या प्रत्येक चाकामागे गाडीच्या पोटाखालून गेलेली एक जाड गोल सळई, बस. मी विचारलं, "काकाजी, मंग गाडीचं वजन कोण धरते?" त्यांनी आईची चिंधी उचलली, तिचं एक टोक माझ्या हातात दिलं आणि दुसरं धरून पिळली. चिंधी माझ्या मुठीत उलटी फिरू पाहायला लागली. "हे धरते," ते म्हणाले. "चाक वर गेलं का सळई पिळते. अन् पिळली का उलटी फिराले पाहते. तिच्याच जिवावर बसले हाये आपण." मग जरा गंभीर झाले. "पण आयक माय. इतकी वर्सं उजवीनं एका अंगानं पीळ खाल्ला, डावीनं दुसऱ्या अंगानं. तिची सवय तिच्या हाडात गेली. आता अदलाबदल झाली त उलटा पीळ बसन. आज नाही मोडन, उद्या मोडन. भरल्या गाडीत." दिसायला दोन्ही सळया जुळ्या बहिणी. म्हणून त्यांनी डबीतला चुना बोटावर घेतला आणि उजवीवर एक रेघ ओढली, डावीवर दोन. "म्या काढल्या, पण मले दिसणार नाही. तू ध्यान ठेव." मी मान हलवली. मान हलवायला काय लागतं!

आणि मग खंडेनवमी आली. आमच्या घरात खंडेनवमीला लोखंड म्हणून जे जे असेल ते पुजलं जायचं. विळे, कुऱ्हाड, नांगराचा फाळ, आईची शिवणाची मशीन, अडकित्तासुद्धा. आई म्हणाली, "मिस्त्रीचं सामान बी मांड वो पाटावर. त्याच्यावरच त पोट हाये त्याचं." मला हुरूपच आला. इतक्या दिवसांत त्या माणसावर माझा जीव जडला होता, आणि त्यांच्या सामानाची पूजा आमच्या विळ्यांपेक्षा देखणी व्हायला हवी, असं मनानं घेतलं. सकाळभर बसून मी एकेक पाना, एकेक बोल्ट रॉकेलात धुतला. त्या दोन सळया तर पॉलिश पेपर लावून अशा घासल्या की त्यात माझा चेहरा वाकडा-तिकडा दिसायला लागला. मग त्या पाटावर शेजारी शेजारी ठेवल्या, हळदीकुंकू वाहिलं, झेंडूचं फूल ठेवलं. भाऊंनी हात जोडले, आईनं नारळ फोडला. सगळं झाल्यावर मी कौतुकानं परत एकदा पाटाकडे पाहिलं. दोन्ही सळयांवर सारखंच हळदीकुंकू होतं. चुना कुठेच नव्हता.

आता याच्यापुढचं लिहायला आजही जड जातं. तेव्हाच ओरडले असते तर प्रश्न नव्हता. पण मी गप्प राहिले, आणि गप्प राहून थांबलेही नाही. दुपारी घर निजलेलं असताना भाऊंच्या डबीतला चुना घेतला आणि अंदाजानं एका सळईवर एक रेघ काढली, दुसरीवर दोन. आठवून काढतेय असं मी स्वतःला सांगत होते. आठवत काहीच नव्हतं. दुसऱ्या दिवशी दसरा. मिस्त्री धुतलेली बंडी घालून सोनं द्यायला आले. मी पाया पडले. त्यांनी माझ्या हातावर आपट्याची पानं ठेवली, डोक्यावर हात ठेवला आणि आईला म्हणाले, "बाई, डोळे असावे त तुमच्या पोरीसारखे." आईनं कोहळ्याची गोड बोंडं तळली होती, माझा जीव की प्राण. त्या दिवशी मला एकसुद्धा गिळवलं नाही. आईला वाटलं, ताप आला.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, अजून दव सुकलं नव्हतं तेव्हा मी त्यांच्या घरी गेले. ते दारात बसून मशेरी लावत होते. मी उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं. रेघा पुसल्याचं सांगितलं आणि खोट्या काढल्याचंही. त्यांनी चूळ भरली. मग म्हणाले, "पुसल्या ते काई नाही. लोखंड पुजलं तुवा, चांगलंच केलं. पण काढल्या काहून, माय? म्या त त्याच रेघांवर भरवसा ठेवून कसली असती गाडी." माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. ते उठले, खांद्यावर दुपट्टा टाकला. "रडू नोको. आलीस ना सांगाले. नट कसल्यावर आली असतीस त कठीण होतं."

आमच्या अंगणात तोवर पाच-सहा माणसं येऊन बसली होती. त्या दिवशी जोडणी आहे हे गावाला ठाऊक होतं, आणि नथ्थूकाका तर बाजेची जागा धरूनच होते. मिस्त्री सपरीत मांडी घालून बसले, ओल्या चिंधीनं माझ्या रेघा पुसल्या, दोन्ही सळया मांडीवर घेतल्या आणि त्यांच्यावरून अंगठा फिरवायला लागले. अगदी सावकाश, टोकापासून टोकापर्यंत. नथ्थूकाका म्हणाले, "काय मिस्त्री, डावं-उजवं इसरले का?" मिस्त्रींनी मान वरसुद्धा केली नाही. "हो नथ्थूभाऊ," ते म्हणाले. "खूण कराची राहून गेली माह्या हातून." अंगणात कोणीतरी हसलं. ज्या नावासाठी हा माणूस आठवडाभर आमच्या सपरीत राबत होता, ते नाव त्यानं माझ्यासाठी असं सहज उचलून अंगणात टाकलं, तंबाखूची चिमूट टाकावी तसं. आणि मी, कॉलेजात वादविवादात बक्षीस मिळवणारी, तोंडातून शब्द काढू शकले नाही.

मग त्यांनी मला जवळ बसवलं. "डोळे मीट," म्हणाले, "अन् बोट फिरव. आपल्या रोडवर समोरून ट्रक आला त भाऊ काय करतात?" मी म्हटलं, "डावीकडे उतरवतात." "म्हंजे मुरमात कोणतं चाक जाते?" डावं. "मंग गोटे कोणत्या सळईले लागले असतीन?" मी डोळे मिटून पहिल्या सळईवरून बोट फिरवलं. गुळगुळीत. दुसरीवरून फिरवलं, तर चाकाकडच्या टोकाला, एकाच अंगाला, बारीक बारीक खड्डे लागले. देवी येऊन गेलेल्या माणसाच्या गालावर असतात तसे. पॉलिश पेपरनं मी गंज काढला होता, रंग काढला होता, पण इतक्या वर्षांचे ते घाव निघाले नव्हते. मी डोळे उघडले. जिच्यावर मी परवा एकच रेघ काढून उजवी म्हणून ठेवली होती, तीच डावी होती. भाऊ गाडी डावीकडे उतरवतात हे मी लहानपणापासून पाहत होते. मिस्त्री बहुतेक मागच्या सीटवर बसून, दिसत नसताना, ते ऐकत होते. शिकलेली माणसं मोप पाहिली, पण ज्ञान म्हणजे काय ते मला त्या सकाळी बोटाला लागलं.

दिवसभर जोडणी चालली. नवी पिन, नवे बुश, शॉकअपमध्ये नवं तेल, आणि सळया आपापल्या जागी. चार वाजता गाडी ओंडक्यांवरून उतरली. मिस्त्रींनी मला मडगार्डच्या कडेपासून जमिनीपर्यंत दोरा धरायला लावला, आधी उजवीकडे, मग तोच दोरा डावीकडे. तसूभरही फरक नव्हता. "धानाच्या बांधीत पाणी बसते ना सारखं, तशी बसली पाहा," ते म्हणाले. भाऊंनी चावी घेतली आणि नेहमीसारखं विचारलं, "चला, कोण येते पाळीपर्यंत?" कोणी उठलं नाही. एकानं विडी पेटवली, एकाला म्हशी आठवल्या. नथ्थूकाका मोठ्यानंच बोलले, "ज्याले डावं-उजवं ध्यानात राहात नाही, त्याच्या हातच्या गाडीत कायले बसाचं? अन् माह्या मायले तिच्यात बसवू का पुन्हा?" मिस्त्री वाकून आपले पाने गोळा करत होते. एकेक पाना पुसून ते पेटीत नाही, भाऊंच्या पायरीवर ठेवत होते. भंगारात द्यायला. तसं ठरलं होतं ना.

मी काय बोलले ते शब्द आठवत नाहीत, आवाज फाटला होता तेवढं आठवतं. खूण काकाजींनीच केली होती, मीच घासून पुसली, वर खोटी काढली, आणि ती खोटी आहे हे त्यांच्या अंगठ्यानं पकडलं. तुम्ही सगळे डोळेवाले इथे बसून होता, तुमच्यापैकी कोणाला कळलं असतं? असं काहीतरी. वडीलधाऱ्यांपुढे मी असं कधी बोलले नव्हते. भाऊंनी माझ्याकडे पाहिलं, रागानं नव्हे. मिस्त्री पायरीकडे पाठ करून उभे होते आणि त्यांची मान खाली होती. नथ्थूकाका बाजेवरून उठले, धोतर झटकलं. "पोट्टी खरं बोलली म्हणल्यावर आता मले काय धाड भरली?" म्हणाले आणि मागचं दार उघडून आत बसले. मी दुसऱ्या दारानं आत शिरले, तर वर पुन्हा मलाच, "सरक तिकडे, लाऊडस्पीकर."

भाऊ चालवायला, मिस्त्री त्यांच्या शेजारी, मागे आम्ही दोघं. पाळीवर चढताना नथ्थूकाकांनी समोरची सीट घट्ट धरली होती, मी पाहिलं. ज्या वळणावर चाक आडवं झालं होतं तिथे मिस्त्रींनी डोळे मिटले आणि मान किंचित कलती केली. मीही मिटले. चाकाखालून मुरूम गेला, खड्डा गेला, दगड गेला. पाण्यावरच्या वाऱ्याचा आवाज, शिंगाड्याच्या डोंग्यातून कोणाची तरी हाक, आणि पुढच्या अंगातून काहीच नाही. आज माझा मुलगा गाडी सर्व्हिसिंगला देतो आणि तिथला मुलगा कॉम्प्युटरवर निघालेला कागद माझ्या हातात देतो, सगळं ठीक आहे म्हणून. असेलही. मी तरी पहिल्या वळणावर डोळे मिटते.

घरी परतलो, अंगणात गाडी थांबली, चारही दारं वाजली, तरी आत सामसूम. चहाचा वास नाही, कपांचा आवाज नाही. नथ्थूकाकांनी हाक मारली, "वहिनी, चहा!" तशी आई मागच्या दारातून धावत आली, हाताला पीठ, चेहऱ्यावर आश्चर्य. "अवो, आले बी तुमी? मी कवाची कान लावून बसली हाये. आवाजच नाही आला!"

लहानू मिस्त्री पायरीवर आपल्या पान्यांशेजारी बसले. दुपट्ट्यानं डोळे पुसले आणि एकेक पाना पेटीत भरायला लागले. "होऊ द्या उशीर, बाई," ते म्हणाले. "आता या घरी चहा उशिरानंच भेटन."